ऊन न लागलेला नकाशा

कामठीकडच्या कोळसा खाणीत गॅस साचला, पण भोंगा वाजलाच नाही. लहानू मेश्राम आतच गुदमरून गेला. १९८६च्या त्या उन्हाळ्यात लोक हळहळले ते आणखी एका गोष्टीनं. भोंगा वाजवणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम लहानूच्याच मुलानं, रविंद्रनं, लिहिला होता.

इन्स्पेक्टर महादेवराव तो प्रोग्राम बनवणाऱ्या नागपूरच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये पोचले, तेव्हा रविंद्र डोकं धरून बसला होता. दाराशी त्याची आई, कौसल्या. नवरा गेल्यापासून ती मुलाशी एक शब्द बोलली नव्हती.

सेंटरचे प्रमुख मार्तंडराव मात्र तयारीत होते.

"आमची रीत साधी आहे. भिंतीवरचा मोठा नकाशा मी काढतो. त्यात फक्त ढोबळ चौकटी, आधी काय व्हायचं आणि मग काय. त्यावरून रविंद्र एकेक पायरी दाखवणारा बारीक नकाशा करतो. मग त्यावरून प्रोग्राम."

"मग चूक कुठं झाली?"

"माझा नकाशा बघा. गॅस वाढला की भोंगा. ह्याच्या नकाशात मध्येच एक चौकट घुसली आहे, आधी खाणीतल्या अधिकाऱ्याचा होकार. प्रोग्रामही तसाच. अधिकारी जागेवर नव्हता, भोंगा होकाराची वाट बघत राहिला."

"ती चौकट भिंतीवरच्या मोठ्या नकाशातच होती, साहेब!" रविंद्र कळवळून म्हणाला. "मी मनानं काहून टाकीन? खाणीत माहा बाप होता."

महादेवरावांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते नुसते भिंतीपुढे उभे राहिले. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट नकाशांवर पडत होतं. शेजारच्या दुसऱ्या कामाच्या नकाशाचा कागद पिवळा पडला होता, रेषा पुसट झाल्या होत्या. खाणीच्या नकाशाच्या रेषा गडद निळ्या होत्या.

"हे दोन्ही कधी लावले?"

"एकाच दिवशी, गेल्या दिवाळीत. खाली माझी सही आणि तारीख आहे."

"ज्यावरून हे छापले तो मूळ पारदर्शक कागद, ते ट्रेसिंग कुठं आहे?"

"माझ्या कपाटात. किल्ली मी कुणाला देत नाही."

"मग द्या ती आता."

महादेवरावांनी ट्रेसिंग उजेडासमोर धरलं. गॅस आणि भोंगा यांच्या मधोमध कागद ब्लेडनं खरवडून पातळ झाला होता.

"आपल्याकडचं ऊन कुणाला सोडत नाही, मार्तंडराव. शेजारचा नकाशा विटला आणि तुमचा कोरा करकरीत. म्हणजे हा अपघातानंतर छापलाय, होकाराची चौकट खरवडून. किल्ली तुमच्याकडे, सहीही तुमची. ह्या पोरानं तुम्ही सांगितलं तेच खाली उतरवलं."

मार्तंडराव खुर्चीत बसले. "उगाच भोंगा वाजून काम थांबतं, अशी खाणवाल्यांची ओरड होती. मला वाटलं, एक चौकट तर आहे."

शिपाई त्यांना घेऊन गेले. रविंद्र आईपुढे आला. "आई, आता तरी बोल वं माह्यासंगं."

कौसल्यानं त्याचा हात धरला.

"तुह्यावर राग नव्हता, बाबू. त्या दिवशी तुहा बाप जायाले तयार नव्हता. खाणीत जीव घाबरून राहिला म्हणे. मीच त्याले म्हटलं, भेता काहून? भोंगा आपल्या रविंद्रनं बनवला."