खिरीला दरवाजे किती?

खीर हरवते का कधी? सांडते, करपते, फार तर मांजर पिऊन जातं. पण दहा वर्षांच्या निशिगंधाने, म्हणजे निशूने, खीर चक्क हरवून दाखवली होती. तीही सुट्टीत, आजी-आबांबरोबर छत्रपती संभाजीनगर बघायला आलेली असताना!

ही गोष्ट सन २०४१ मधली. आजीच्या वहीत चारशे बारा पाककृती होत्या. निशूने पानापानाचे फोटो काढून ते चिठ्ठूच्या स्मृतीत भरले. चिठ्ठू म्हणजे आबांनी निवृत्तीनंतर बनवलेला यंत्रमानव. उंची पाण्याच्या पिंपाएवढी, खाली चाकं, पोटाला एक खण आणि स्वभाव भलताच सरळ. "नुसता मथळा वाच, कप्पा ठरव आणि टाक," असं निशूने त्याला फर्मावलं. बाईसाहेबांना खेळायला जायचं होतं ना! मग काल गाडीत तिच्याच हातून बाटली कलंडली आणि वहीतली जुनी शाई अशी पसरली, की पानापानावर नुसते निळे डाग उरले.

आणि आज चार वाजता आजी रझियाला भेटणार होती, चव्वेचाळीस वर्षांनी! आबांची नोकरी या शहरात होती तेव्हा रझिया त्यांची शेजारीण. तिने आजीला एक खीर शिकवली होती. "तुझीच खीर करून आणते," असं आजीने फोनवर कबूल केलं होतं. पण गेल्या पंधरा वर्षांत ती केलीच नव्हती, त्यामुळे प्रमाण डोक्यातून पार गेलेलं.

"काय खीर होती ती! मी चार-चार वाट्या हाणायचो," आबा म्हणाले. त्यांचं बोलणं ऐकून निशूला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चिठ्ठू, खीर शोध!"

चिठ्ठूने 'गोड पदार्थ' हा कप्पा उघडला. शेवयांची खीर, तांदळाची खीर, गव्हाची खीर. रझियाची नाही.

"आजी, मथळा काय दिला होतास?"

"ते आठवत असतं तर तुमच्या तोंडाकडे बघत बसले असते का गं?" आजी म्हणाली. ती रागावली नव्हती. ओली वही मांडीवर घेऊन नुसती बसली होती. निशूला रडूच कोसळलं.

"रडू नकोस. आधी या महाशयांनी काय दिवे लावलेत ते बघू," आबा म्हणाले. "चिठ्ठू, 'नणंदेचा ठेचा' कुठे ठेवलास?"

"कौटुंबिक भांडणे."

"आणि 'घाईची भाजी'?"

"वेळापत्रक."

"'फौजदारांची उसळ'?"

"गुन्हे व तपास," चिठ्ठू अभिमानाने म्हणाला. आजीला सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं.

"निशू, दोन चुका झाल्या," आबा म्हणाले. "एक म्हणजे त्याने फक्त मथळे वाचले. चिठ्ठू, आता सगळी पानं शेवटच्या ओळीपर्यंत वाच. आणि दुसरी चूक तुला चालता चालता दाखवतो."

चौघं निघाली. पैठण दरवाजातून चालत चालत गुलमंडीच्या चौकात पोचली. मागून चिठ्ठू आजीचं अक्षर लावत येत होता आणि मधूनच "हा र आहे की स?" असं कण्हत होता.

"आपण गुलमंडीला कुठून आलो?" आबांनी विचारलं.

"पैठण दरवाजाकडून."

"मग दिल्ली दरवाजाकडून येणाऱ्याला गुलमंडी सापडणार नाही?"

"सापडेल की! याला तर बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. कुठूनही शिरा, चौक तोच."

"शाब्बास! कप्प्याला मात्र एकच दार. साबुदाण्याची खिचडी 'उपवास' कप्प्यात ठेवलीस, तर 'नाश्ता' कप्प्यात शोधणारा उपाशीच राहायचा. म्हणून कृतीला कप्पा द्यायचाच नाही, खूणचिठ्ठ्या (त्या गोष्टीची एकेक ओळख सांगणारे छोटे शब्द) लावायच्या. उपवास, नाश्ता, साबुदाणा. कृती एकच, पण तिला तीन दरवाजे. आणि नवा दरवाजा कधीही पाडता येतो."

"पण आबा, 'दूध' या दरवाजातून शिरलं तर केवढी गर्दी असेल!"

"म्हणून एकदम दोन-तीन खुणा सांगायच्या आणि सामाईक भाग (सगळ्या याद्यांमध्ये असलेल्याच गोष्टी) तेवढा घ्यायचा. चिठ्ठू, झालं वाचून?"

"झालं. खुणाही लावल्या, जुन्या कप्प्यांची नावं धरून. डोळे शिणले माझे," चिठ्ठू म्हणाला.

"दूध!" निशू म्हणाली.

"अठ्ठ्याऐंशी."

"दूध आणि साबुदाणा, दोन्ही!" आजी पुढे सरसावली.

"पाच."

मग आजीने आबांकडे चोरून पाहिलं आणि निशूच्या कानात तिसरी खूण सांगितली. निशूचे डोळे विस्फारले. तिने ती चिठ्ठूच्या कानाशी पुटपुटली.

"हे काय कुजबुजताय?" आबांनी विचारलं.

"तुम्ही जरा वेलची घेऊन या हो," आजी म्हणाली.

आबा दुकानाकडे वळले आणि चिठ्ठू म्हणाला, "एक. मथळा, 'रझियाची गंमत'. जुना कप्पा, विनोद."

"अगं बाई, हेच नाव!" आजीने भर रस्त्यात निशूचा मुका घेतला. मग दोघींनी लगबगीने एक लांबलचक दुधी भोपळा घेऊन चिठ्ठूच्या खणात कोंबला.

"माझ्या पोटात एक..." चिठ्ठूने आबा येताच सुरुवात केली.

"चूप!" निशू ओरडली.

आबांना उतरल्या जागी वामकुक्षीला पाठवून दोघींनी दुधी किसला, तुपावर परतला, भिजवलेल्या साबुदाण्याबरोबर दुधात शिजवला. मधल्या वेळात निशूने खिरीची 'विनोद' ही खूण पुसून टाकली.

"मथळ्यात गंमत आहे," चिठ्ठू कुरकुरला.

"ही खीर आहे रे वेड्या, विनोद नाही!"

बरोबर चार वाजता आपल्या घरी रझियाआजीने पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "सुधा, तीच गं, अगदी तीच," एवढंच ती म्हणाली. दोघी म्हाताऱ्या हातात हात घेऊन बसल्या. निशूच्या छातीवरचं ओझं उतरलं.

आबा तिसऱ्या वाटीवर होते.

"भाईसाहेब, आता दुधी आवडायला लागला म्हणायचा," रझियाआजी म्हणाली.

चमचा तोंडाशीच थांबला. "कुठला दुधी? मी जन्मात दुधीला शिवलो नाही!"

"सुधा! तू अजून सांगितलं नाहीस?"

दोघींना हसू आवरेना. आजीने पदराने डोळे पुसले. आबांनी एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा आजीकडे.

"चव्वेचाळीस वर्षं फसवलंस मला!" ते म्हणाले. मग वाटी पुढे केली. "अजून आहे का?"

निशूने खीर कशी शोधली ते सगळं ऐकून रझियाआजीने कपाटातून कागदांनी ठासून भरलेला पत्र्याचा डबा काढून निशूपुढे ठेवला. "बेटा, माझ्याही कृतींना असेच दरवाजे करून देशील?"

"करते की! पण या खेपेला सगळं शेवटपर्यंत वाचून," निशू म्हणाली.

चिठ्ठू सरकत सरकत तिच्याजवळ आला. "निशूताई, 'विनोद' हा दरवाजा परत उघडू?"

निशूने चौथी वाटी संपवणाऱ्या आबांकडे पाहिलं.

"उघड," ती म्हणाली. "चुकलं माझं, चिठ्ठू. तेवढं एक तू बरोबर लावलं होतंस."