घोंगड्याचं पहिलं पान

सकाळी दहाला निशातनं कंपनीचं कपाट उघडलं. दोरीनं बांधलेली जुनी वही गायब होती. तिच्या जागी एक सुटं पान होतं.

पानावर घोंगड्या होता, चंद्रपुरातल्या त्यांच्या छोट्या अ‍ॅनिमेशन कंपनीला पोसणारं झिपरं अस्वल. खाली इनायतची सही आणि २०११ हे साल. दुपारी दोनला मुंबईचे लोक करार करायला येणार होते. घोंगड्या कोणी घडवला, ते त्यात कायमचं लिहिलं जाणार होतं. तो आपणच त्या वहीत पहिल्यांदा काढला, असं जिवती गावच्या चित्रकार सुकरीबाई सांगत. वर्तमानपत्रं मात्र इनायतचंच नाव छापत आली होती. वही गेली की बाईंच्या शब्दाला विचारतो कोण?

निशात इनायतची मुलगी. कंपनीत तिचं काम चुका पकडायचं. एका चित्रात अस्वलाला चार नखं आणि पुढच्यात पाच, असलं काही सुटलं की तिला जेवण गोड लागत नसे. आज तर तिला एका जागी बसवेना. तिनं पान खिडकीशी धरलं. वरच्या कडेला तीन भोकं, अ‍ॅनिमेशनची चित्रं एकावर एक नेमकी बसवायला पाडतात तशी. सालाच्या आकड्यांच्या वर-खाली पेन्सिलीच्या दोन खोडलेल्या, पुसट रेघा.

कपाटाच्या किल्ल्या कंपनी उभी करणाऱ्या तिघांकडेच होत्या. इनायत, सुकरीबाई आणि बाहेरून कामं आणणारा धनराज. तिनं आधी धनराजला फोन लावला. तो कालपासून मोहर्लीच्या जंगलात पाहुण्यांना वाघ दाखवत फिरत होता, तसे फोटोही त्यानं लगेच पाठवले. सुकरीबाई पहिल्या बसनं येऊन व्हरांड्यात बसल्या होत्या.

"बाई, सुरुवातीले कागदाले भोकं कायनं पाडत होते?"

"आफिसच्या पंचनं. दोनच. तीन भोकाची मशीन तुह्या लग्नाच्या साली हैदराबादहून आली. काऊन?"

निशात जिना चढली, उतरली, पुन्हा चढली. चोर धनराज निघावा असं तिला मनापासून वाटत होतं. शेवटी ती अब्बांच्या खोलीत गेली आणि दार लोटलं.

"अब्बा, हे पान २०११ चं नाई. तवा तीन भोकाची मशीनच नव्हती. काढणाऱ्याच्या हाताले आता तीनचीच सवय, म्हणून त्याच्या ध्यानात आलं नाई."

"धनराजनं केलं असन."

"त्याले साधं मांजर काढता येत नाई. अन् बाई काऊन तुमचं नाव टाकन? आकडे लिहायच्या आधी वर-खाली रेघ कोण मारते, अब्बा? दुकानाच्या पाट्या रंगवणारा. तुम्ही वीस वर्षं रंगवल्या."

इनायत उठला. मग खुर्चीच्या गादीखालून त्यानं वही काढली.

"फाडाले घेतली होती. हात उचलला नाई. लोकं मलेच विचारत राह्यले, अन् मी कधी नाई म्हटलंच नाई."

निशातला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी कीवही आली. बाईंना तुम्ही सांगता की मी सांगू, एवढंच तिनं विचारलं.

तो स्वतः गेला. व्हरांड्यात उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, काही राखलं नाही. सुकरीबाईंनी वही घेतली, एकेक पान उलटून पाहिलं आणि पदरात गुंडाळली.

"मले विचारलं असतं तं दोघायचं नाव टाका म्हटलं असतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता एकच टाका. माह्यं."