बिराप्पाची घोंगडी

ही गोष्ट ऐकीव नाही. आटपाडीच्या बाजूला धनगरांच्या एका वस्तीवर घडलेली आहे, आणि ज्याच्यावर बेतली तो अर्जुना अजून हयात आहे. साल १९६४, पौष महिना. भुतं म्हणे रात्रीचीच फिरतात...

हे घडलं ते भर दुपारी.

अर्जुना आणि त्याचा थोरला भाऊ बिराप्पा मेंढरं घेऊन कराडकडं गेले होते. तिथं नदीकाठी बिराप्पाला ताप चढला आणि तिसऱ्या दिवशी खेळ आटोपला. अर्जुनानं स्वतःच्या हातानं माती दिली.

पण डोळ्यांतून टिपूस नाही. भाकरीला चव नाही. चुलीतलं लाकूड हाताला लागलं, फोड आला, तरी त्याला कळलं नाही. माणूस आतून बधिर झाला होता.

मेंढरं सोबत्यांवर सोपवून तो आईला सांगायला निघाला. विट्यापर्यंत एस.टी., पुढं पायी. खांद्यावर बिराप्पाची घोंगडी.

आई अंबूबाई. देवीच्या साथीत दोन्ही डोळे गेलेली. माणूस ओळखायची ती नाकानं आणि बोटांनी. आणि तिचा सगळा जीव थोरल्यात.

वस्तीच्या अलीकडंच शेजारीण रंगुबाई भेटली.

"अर्जुना, अंबूआत्तीनं पाच दिस अन्न सोडलंय. बिराप्पा आल्याबिगर घास घ्यायची न्हाई म्हणती. कुठं हाय त्यो?"

बिराप्पा जाऊन पाचच दिवस झाले होते.

अर्जुनानं नुसती मान हलवली. रंगुबाईनं तोंडाला पदर लावला. "मग आत्तीबी जाती बघ आता."

तेव्हा अर्जुनाला जे सुचलं, ते धनगरालाच सुचावं. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर बांधतात. मेंढी हुंगते, आपलंच समजते, पाजते. चार दिवसांनी कातडं काढलं तरी चालतं. अर्जुनानं हे कितीदा तरी केलं होतं.

त्यानं घोंगडी अंगावर घेतली आणि तो आत गेला. मागोमाग रंगुबाईही आली.

"कोण?"

"मी... बिराप्पा." आवाज ओळखू येऊ नये म्हणून तो कुजबुजला. "घसा बसलाय, आये."

म्हातारीनं घोंगडी नाकाशी धरली. कितीतरी वेळ हुंगली. मग तिची बोटं त्याच्या तोंडावरून फिरायला लागली. हनुवटी... गाल... कपाळ...

डाव्या भुवईवर बोट थांबलं.

बिराप्पाची ती भुवई एडक्याच्या शिंगानं फाटली होती. चांगली बोटभर खूण. अर्जुनाची भुवई साफ होती. आता चोरी उघडी पडणार!

"हितंच मारलं व्हतं एडक्यानं," म्हातारी हसली. "लय रगात गेलं व्हतं रं तवा."

आणि तिचं बोट खाचेतून फिरावं तसं फिरलं.

अर्जुनानं स्वतःची भुवई चाचपली. बधिर बोटांना काहीच कळेना. खूण आहे की नाही?

त्यानं रंगुबाईकडं बघून खुणेनं विचारलं. तिनं वाकून पाहिलं, मान हलवली. काही नाही.

डोळे म्हणत होते नाही, आईची बोटं म्हणत होती आहे. खरं कुणाचं धरायचं?

रंगुबाईनं भाकरी कुस्करून आणली. म्हातारी त्याच्या हातून जेवली. अर्जुनाला वाटलं, जिंकलो. इतक्यात ती म्हणाली,

"अर्जुना का गप उभा हाय दारात?"

दारात कुणीच नव्हतं.

"मघाधरनं त्याचा श्वास ऐकू येतोय. आत ये म्हणावं त्याला. उघडाच आलाय... गारठलाय."

दाराशी मोत्या कुत्रा होता. तो मोकळ्या जागेकडं बघून शेपूट हलवत होता.

अर्जुनाला भीतीसुद्धा वाटली नाही. वाटायला हवी होती.

चौथ्या दिवशी त्यानं घोंगडी काढून खुंटीला अडकवली आणि आईजवळ बसला. आता खरं सांगून टाकू म्हणाला. म्हातारीनं हुंगलं, चाचपलं आणि झटक्यानं हात मागं घेतला.

"कोण हाईस तू?"

"आये, मी अर्जुना."

"अर्जुना तर दारात हाय."

त्यानं गुपचूप घोंगडी पुन्हा अंगावर घेतली.

त्यानंतर म्हातारी तीन वर्षं जगली. तीन वर्षं, उन्हाळ्यातसुद्धा, घरात शिरताना अर्जुना घोंगडी पांघरायचा. ती त्याला बिराप्पा म्हणायची. रोज एक भाकरी दाराशी ठेवायला लावायची, अर्जुनासाठी. आपल्याच नावाची भाकरी तो रोज आपल्या हातानं ठेवायचा. आईनं एकदा, फक्त एकदा, आपल्याकडं तोंड करून अर्जुना म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटही दुपारीच आला. अर्जुना तिच्या उजव्या अंगाला बसला होता, रंगुबाई पायथ्याशी. म्हातारीनं डावा हात दाराकडं लांबवला.

"अर्जुना, ये रं बाळा. लय दिस भाईर ठिवलं तुला."

हात हवेत थांबला. मग बोटं हळूहळू मिटली... कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

आणि अर्जुनाला ती पकड कळली!

त्याच्या डाव्या तळव्यात. आईची खरबरीत बोटं, तिची ऊब, सगळं. तीन वर्षांत हाताला पहिल्यांदा काहीतरी लागलं. तिचा हात दाराकडं होता. तो मात्र इकडं बसला होता, घोंगडीत.

पकड सुटली तेव्हा म्हातारी गेली होती. अर्जुना ढसाढसा रडला. आईसाठी आणि घोंगडीत मागं राहिलेल्या बिराप्पासाठीही.

आता तो म्हातारा झालाय. न्हाव्याकडं बसला की दर खेपेला विचारतो, "डाव्या भुवईवर काय हाय का रं?" न्हावी म्हणतो, न्हाई. त्याचं समाधान होत नाही.

आणि कुणी नवखा माणूस भेटला, नाव विचारलं...

की तो सांगायच्या आधी क्षणभर थांबतो.