उंबऱ्याबाहेरच्या दोन बॅगा

ही गोष्ट दोन हजार चोवीस सालच्या ऑगस्टमधली. मंगळवारी सकाळी राजसबाई भाजी चिरत बसल्या होत्या, तेव्हा तनयाचा फोन आला.

"आजी, कीर्ती सांगलीला पोचलीच नाही."

राजसबाईंनी विळी आडवी केली. "पोचली नाही म्हणजे?"

"तिचे बाबा कालपासून स्टेशनावर खेपा घालतायत. तिचा फोन बंद आहे. पोलीस म्हणतात, फोन रविवारी सकाळी तांबरम स्टेशनावरच बंद झालाय, सज्ञान मुलगी आहे, स्वतःहून गेलीय."

"तू कोठे आहेस?"

"हॉस्टेलवर. पुष्करदादा म्हणतो, तांबरममध्ये आता एक रात्रही काढू नकोस. इथल्याच कोवलमला, समुद्राकडे, त्यानं माझ्यासाठी फ्लॅट बघून ठेवलाय. संध्याकाळी गाडी घेऊन येणार आहे."

"गाडी येथेच बोलाव. आणि तू आत्ता निघ."

राजसबाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. चेन्नईच्या तांबरम उपनगरातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. घरातली त्यांची मराठी जुन्या वळणाची होती आणि मधूनमधून तिच्यात तमिळ डोकवायचं. नोकरीसाठी महाराष्ट्रातून येणारी मुलं आधी त्या बोलीला हसत, मग तिच्यासाठीच येत.

आणि आली की एकच प्रश्न विचारत. आजी, राहायला कुठली वस्ती चांगली?

राजसबाईंना हसू यायचं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा स्टेशनापलीकडे आंब्याची झाडं होती आणि दिवस मावळला की कोल्हेकुई ऐकू यायची. दाराला कडी लावायची कुणाला आठवण होत नसे. आता दर कोपऱ्यावर कॅमेरा होता आणि पोरींना झोप लागत नव्हती.

अलीकडे मात्र मुलं त्यांना कमी आणि पुष्करला जास्त विचारत. पुष्कर नाशिकचा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. चेन्नईतल्या मराठी मुलामुलींचा त्यानं फोनवर एक ग्रुप केला होता. कुठल्या भागात रस्त्यावर दिवे आहेत, दारूचं दुकान किती जवळ आहे, शेवटची बस कधी सुटते, सगळं बघून तो नकाशावर हिरवा, पिवळा, लाल रंग भरायचा. शिवाय नव्या मुलीचं सामान स्वतःच्या गाडीतून पोचवून द्यायचा. सगळ्या पोरींचा तो दादा होता.

कीर्तीच्या गल्लीवर त्यानं कालच लाल रंग चढवला होता.

तनया आली ती दारातच रडू लागली. कीर्ती तिची कॉलेजातली मैत्रीण. पुढच्या महिन्यात दोघी एकत्र राहणार होत्या.

"बस, कण्णा. काप्पी घे आधी. आता मजला सांग, शेवटचं काय कळलं तुजला?"

तनयानं फोन पुढे केला. रविवारी सकाळी कीर्तीच्या फोनवरून संदेश आला होता. 'कंटाळले या गावाला. घरी जातेय. काळजी करू नका.' वर एक फोटो. घरमालकाचा उंबरा, उंबऱ्याबाहेर दोन बॅगा, आणि बॅगांच्या पुढ्यात तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे दारातली रांगोळी. कडेनं गेरूची लाल पट्टी.

"आला तेव्हा तू काय करत होतीस?"

"आईशी बोलत होते. ती म्हणत होती, आज दिव्याची अवस आहे, एक तरी दिवा पूज. आमच्याकडे रांगोळी घालून त्यावर सगळे दिवे मांडतात ना. तेवढ्यात हे आलं."

राजसबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघितला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला.

"चल," त्या म्हणाल्या. "जरा नारायणस्वामींच्या घरी जाऊन येऊ."

नारायणस्वामी रेल्वेतून निवृत्त झालेले. खाली ते आणि त्यांची बायको त्रिपुरसुंदरी राहत, माडीवरची खोली कीर्तीला दिलेली. माडीचा जिना बाजूच्या बोळातून होता. गल्लीत भरदुपारी माणूस नव्हतं. समोरच्या घराचा पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. तनयानं राजसबाईंचा पदर धरला.

"पोलिसांना सांगितलंय सगळं," नारायणस्वामी दारातूनच म्हणाले. तमिळमधून, आणि तुटकपणे.

"मी पोलीस नव्हे, सार. मी म्हातारी आहे. बसायला सांगा."

त्यांनी नाइलाजानं खुर्ची सरकवली.

"रविवारी सकाळी तुम्ही तिला जाताना बघितलंत?"

"नाही. मी मागच्या अंगणात तर्पणाला बसलो होतो. पुढचं दार उघडलंदेखील नव्हतं."

"आणि शनिवारी?"

"संध्याकाळी बाहेर गेली. परत आली की नाही, ठाऊक नाही. आम्ही लवकर झोपतो."

"दारावर कॅमेरा आहे. त्यात दिसेल की."

नारायणस्वामींचा चेहरा कसनुसा झाला. "तो मी कुणाला दाखवणार नाही."

"पोलिसांनादेखील?"

ते उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. तनयानं राजसबाईंकडे बघितलं. पुष्कर हेच म्हणत होता. म्हातारा फुटेज का दडवतो ते विचारा.

"माडीचं कुलूप फोडलेलं होतं का?"

"फोडायला ते काय साधं कुलूप आहे? दिंडुक्कलचं आहे, माझ्या वडिलांचं. व्यवस्थित लावलेलं होतं. आत बॅगा नव्हत्या."

"किल्ल्या किती?"

"एक तिच्याकडे, एक माझ्याकडे." ते घुटमळले. "तिसरी होती. तिचं सामान आलं त्याच दिवशी गडबडीत हरवली. हजारदा शोधली."

म्हणजे खोली उघडू शकणारे दोघंच. त्यातली एक बेपत्ता आणि दुसरा समोर उभा. 

आतून त्रिपुरसुंदरी मामी आल्या. त्यांचे डोळे सुजले होते.

"मामी, तुमचं तिच्याशी भांडण झालं होतं म्हणे?"

"कुणी सांगितलं? समोरच्या नित्यानं? तिला दुसरा उद्योग काय!" मामी उसळल्या. "एकदाच झालं, आल्या आल्या. काढू नये त्या दिवशी पोरीनं हौसेनं दारात भली मोठी रांगोळी काढली. मी बादलीभर पाणी ओतलं. ती रडली, मग मीही रडले. तेव्हापासून रोज विचारायची, मामी, आज काढू? दोन बोटं पीठ हातात धरायला मीच शिकवलं तिला."

"सामान आलं तो वार कुठला होता, आठवतं?"

"शुक्रवार. मीच म्हटलं, लक्ष्मी आली घरात."

"सामान घेऊन कोण आलं होतं?"

मामी सांगू लागल्या. राजसबाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि नारायणस्वामींना बाजूला नेऊन काहीतरी मागितलं. ते चमकले. मग मुकाट्यानं आत गेले.

 घरी आल्या आल्या राजसबाईंनी फोन लावला. इन्स्पेक्टर रंजनी त्यांची शाळेतली विद्यार्थिनी.

"टीचर, मी ड्यूटीवर आहे."

"गणितात नापास होत होतीस तेव्हा मी ड्यूटी बघितली नव्हती. पाचच्या आत ये. साडी नेसून ये, खाकी नको. आणि येताना एक शिपाई गल्लीच्या तोंडाशी ठेव."

पुष्कर वेळेवर आला. हसतमुख, हातात मिठाईचा पुडा.

"चला तनयाबाई, सामान कुठाय? आजी, हिला मी समुद्राजवळ नेतोय. एकदम हिरवा एरिया!"

"काप्पी घेतल्याशिवाय कोणी जात नाही येथून." राजसबाईंनी पितळी पेला पुढे केला. "ही माझी विद्यार्थिनी, रंजनी. हे नारायणस्वामी, ओळखतोस तू."

पुष्करनं म्हाताऱ्याकडे रोखून बघितलं. "ओळखतो की. कॅमेऱ्याचं फुटेज सापडलं का, सार?"

नारायणस्वामींनी मान खाली घातली.

"त्याचं मी सांगते," राजसबाई म्हणाल्या. "तो कॅमेरा म्हणजे नुसता डबा आहे. आत तार नाही. भाडेकरूंना धीर यावा म्हणून लावलेला. सार, एवढंच दडवत होता ना?"

"लाज वाटली," नारायणस्वामी पुटपुटले.

"बघा!" पुष्कर म्हणाला. "अशा लोकांच्या भरवशावर पोरी राहतात."

"खरं आहे. पुष्कर, तू कीर्तीचा तो फोटो बघितलास?"

"बघितला ना. तनयानं पाठवला होता."

"रविवारी सकाळचाच असेल?"

"दुसरा कधीचा? दिव्याच्या अवसेची रांगोळीसुद्धा दिसतेय दारात."

राजसबाईंनी पेला खाली ठेवला.

"तुझ्याकडे दिव्याची अवस, कण्णा. आमच्याकडे ती आडी या तमिळ महिन्यातली अमावास्या. ज्याचे आईवडील गेले, तो त्या दिवशी तर्पण करतो. आणि ज्या घरी तर्पण, त्या घरच्या दारात ते आटोपेपर्यंत कोलम पडत नाही. पितरांच्या वाटेत रेघ घालायची नसते. रविवारी सकाळी हे मागच्या अंगणात तर्पणाला बसले होते. दार उघडलंदेखील नव्हतं. मग फोटोत कोलम आलं कोठून?"



"असेल जुना फोटो," पुष्कर म्हणाला. "कीर्तीनंच पाठवला असेल. मला काय माहीत?"

"मीही तोच विचार केला. पण कीर्तीला ही चाल पक्की ठाऊक होती. तिनं एका अमावास्येला रांगोळी काढली आणि मामींनी ती धुऊन टाकली. त्यानंतर ती पोर त्या दिवशीचा म्हणून असा फोटो पाठवणार नाही. चूक करणारा नवखा होता. आणि तो महाराष्ट्रातला होता. त्याला अवसेची रांगोळी शुभ वाटली, खरी वाटली."

तनयानं हळूच पुष्करकडे बघितलं. मग ती त्याच्यापासून दूर सरकली.

"फोटोतल्या कोलमाला गेरूची पट्टी आहे. ती शुक्रवारी, सणावारी. कीर्तीच्या बॅगा शुक्रवारी उंबऱ्याबाहेर कधी होत्या? ती राहायला आली त्या दिवशी. तिसरी किल्ली कधी नाहीशी झाली? त्याच दिवशी. त्या दिवशी तिच्यासोबत एकच माणूस होता. मामींनी त्याला सरबत दिलं होतं."

"आजी, तुम्ही काय बोलताय हे तुम्हाला कळतंय का?"

"शनिवारी संध्याकाळी ती तुलाच भेटायला गेली असणार. तुझ्यापाशी काहीतरी बघितलं तिनं, जे बघायला नको होतं. तू तिला सोडलं नाहीस. मग रात्री किल्लीनं खोली उघडून बॅगा आणल्यास, म्हणजे लोक म्हणतील, गेली घरी. सकाळी तांबरम स्टेशनावर उभं राहून तिच्या फोनमधला जुना फोटो पाठवलास. ताजा काढायला उजेडी त्या दारात उभं राहावं लागलं असतं, आणि समोर नित्या दिवसभर पडद्याआड असते."

पुष्कर उठला. रंजनी त्याच्या आधी उठली होती.

"बसा, मिस्टर पुष्कर. इन्स्पेक्टर रंजनी, तांबरम. गाडीची चावी द्या."

शिपायानं गाडी उघडली. सीटखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत किल्ल्या. प्रत्येकीला रंगीत दोरा बांधलेला. लाल, हिरवा, निळा. रंजनीनं डबा टेबलावर उपडा केला.

नारायणस्वामींनी पिशवीतून ते जड कुलूप काढलं आणि शेजारी ठेवलं.  किल्ल्यांतली जाड दात्यांची एक त्यांनी लगेच ओळखली. ती फिरवली. खट्ट आवाज झाला आणि कडी सुटली.

तनयाला आता डब्यातला प्रत्येक दोरा वेगळा दिसू लागला. ज्या ज्या मुलीचं सामान दादानं पोचवलं होतं, तिच्या घराची किल्ली तिथे होती.

"कीर्तीनं हा डबा बघितला," ती म्हणाली. "दादा, ती जिवंत आहे का?"

पुष्कर परत खुर्चीत बसला.

"पाणी ठेवलंय तिच्याजवळ," तो म्हणाला.

ती कोवलमला सापडली. मासळी बाजाराच्या मागे अर्धवट बांधून सोडलेल्या एका बंगल्यात, हात बांधलेली. ओठ फुटले होते, पाण्याची बाटली कधीच रिकामी झाली होती. दार उघडणाऱ्या रंजनीला तिनं सगळ्यात आधी तारीख विचारली. तनयाचा नवा फ्लॅट त्याच रस्त्यावर, थोडा पुढे होता.

पुढे पुष्करवर खटला उभा राहिला. जामीन नामंजूर झाला आणि तो अजून तुरुंगातच आहे. त्याचे आईवडील एकदा राजसबाईंकडे येऊन गेले. काप्पीला हात न लावता उठले. कीर्ती वर्षभर सांगलीला राहिली, मग बंगळूरला नोकरी धरली. झोपताना दिवा मालवत नाही, पण झोपते. तनया चेन्नईतच राहिली, त्रिपुरसुंदरी मामींच्या माडीवर. तमिळ आता तिला चांगलं येतं. नारायणस्वामींनी खरा कॅमेरा बसवला आणि तो कसा चालतो हे येईल त्याला दाखवत बसतात. राजसबाईंना चालताना काठी लागते.

डब्यातल्या किल्ल्या रंजनीनं एकेका मुलीला बोलावून ओळखून घेतल्या. कुलपं बदलली गेली, घरं बदलली गेली. शेवटी पिवळ्या दोऱ्याची एक किल्ली उरली. ग्रुपमधल्या कोणत्याच मुलीची ती निघाली नाही. पुष्कर तिच्याबद्दल आजवर एक अक्षर बोललेला नाही. रंजनी सवड मिळाली की बेपत्ता मुलींच्या जुन्या तक्रारी काढून वाचते, आणि संध्याकाळी ती किल्ली घेऊन शहरातली कुलूपबंद दारं हिंडते.