तिसरी ओढ

कामावर निघताना वहिनीने दादाचं औषध आणायला सांगितलं. मी बरं म्हटलं. ती दारातून हलली नाही.

“भाऊजी, यांचा हात बघितलात का? कालपासून सारखी चादर ओढतायत.”

“पडून पडून अंग आखडतं. होतं तसं.”

“नजरसुद्धा इथे नसते हो त्यांची.”

मी चपला घातल्या आणि निघालो. दादाला अर्धांगाचा झटका येऊन बरेच महिने झाले होते. वाचा गेली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याने एकदा मला हाक मारावी, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

आमचं काम टाक्यांचं. अणुभट्टीचा किरणोत्सारी कचरा साठवलेल्या, जमिनीत पुरलेल्या टाक्या. त्या कायमच्या बंद करायच्या होत्या. तळाला घट्ट बसलेल्या गाळावर ॲसिड सोडायचं, ढवळायचं, विरघळलं की उपसायचं, पुन्हा धुवायचं. टाकी स्वच्छ झाली की काँक्रीटने भरून टाकायची. आत माणूस जात नाही. जे करायचं ते वरून, टाकीच्या तोंडातून.

सध्या हाती घेतलेली टाकी कोरी होती, तेव्हा दादाने तिच्या तळाचं वेल्डिंग आत उतरून केलं होतं. वर दोर धरून मी. आत आवाज घुमायचा, शब्द कळायचे नाहीत. म्हणून दोराने बोलायचं. एक ओढ म्हणजे थांब. दोन म्हणजे सैल सोड. तीन म्हणजे वर घे. वरच्याने तेवढ्याच ओढी परत द्यायच्या. परत दिल्या म्हणजे शब्द दिला. मग काय वाटेल ते होवो, माणूस वर काढायचा.

दादाची एक खोड होती. दोन ओढी लांब, तिसरी तोकडी. तिसरीपर्यंत त्याचा पाय शिडीवर पडलेला असायचा. जन्माचा उतावळा.

टाकीवर शेड होती. खिडकी नाही. भर दुपारीसुद्धा आत दिव्यांचा पांढरा उजेड, ओल्या रबराचा वास, आणि नळ्यांत उरलेलं पाणी गुळगुळ करत असायचं. किरणं मोजणाऱ्या पोराला आम्ही टिकटिक म्हणायचो. तो बोलका, त्याचं मीटर त्याहून बोलकं.

त्या दुपारी ॲसिड तळाला मुरत होतं. पंप बंद होते. नमुना घ्यायला मी दोराला स्टीलचा पेला बांधून खाली सोडला. पेला टेकला.

आणि दोर ओढला गेला.

एकदा. मग पुन्हा. मग पुन्हा.

मी विचार करायच्या आत माझ्या हाताने तीन ओढी परत दिल्या होत्या.

“काय काका, मासा लागला का?” टिकटिक हसला. मग त्याने दोराकडे पाहिलं. दोर थरथरत होता. “पंप... बंद आहेत ना?”

“बंद आहेत.”

“मग हे...”

“हात लाव.”

तिन्ही ओढी सारख्या होत्या. तिसरी तोकडी नव्हती. ते मला कळलं होतं. पण मनात म्हटलं, दादाचाच हात आहे, पण आजारी, जुनी खोड कुठून आणणार. चादर ओढणारा तो हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

आम्ही दोर वर घेतला. वजन माणसाचं होतं. माझे हात त्यात चुकत नाहीत. टाकीच्या तोंडाशी आल्यावर दोर एकदम हलका झाला. पेला वर आला. कोरडा.

टिकटिकने मीटर जवळ नेलं. मीटर गप्प. त्याने थापट मारली. गप्पच.

“नुसत्या हवेतसुद्धा वाजतं हो हे...” तो पुटपुटला. दारापर्यंत गेला, तेव्हा कुठे ते वाजायला लागलं.

औषध घेऊन घरी आलो. वहिनी बाहेर पायरीवर बसली होती. आत दादा खाटेवर ताठ बसला होता.

“आलास?” तो म्हणाला.

मी रडणारा माणूस नाही. त्या दिवशी रडलो.

वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढलं. “भाऊजी... हे कोण आहे?”

“डोकं फिरलंय का तुमचं? दादा आहे.”

“आवाज त्यांचाच आहे. पण दिवा लावू देत नाहीत. पाणी दिलं, तर विचारतात, याचं काय करायचं...”

मी तिला गप्प बसवलं.

पुढे टाकी धुऊन झाली. कॅमेरा आत सोडला. तळ लख्ख दिसत होता. कामावर देखरेख करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “काका, हे वेल्डिंग कोणी केलंय हो? रेघ मारल्यासारखं सरळ आहे.”

“माझ्या भावाने,” मी म्हटलं. छाती फुगली.

काँक्रीट सुरू झालं. किती चढलं ते बघायला मी वजन बांधलेला दोर आत धरून होतो. राखाडी चिखल दादाच्या वेल्डिंगवरून पसरत गेला. सरळ रेघ दिसेनाशी झाली.

तेव्हा दोर ओढला गेला. लांब. लांब. तोकडा.

“थांबवा!” मी ओरडलो.

पंप थांबला. मी तीन ओढी परत दिल्या आणि खेचायला लागलो. दोर येईना. टिकटिकही धावून आला. तरी येईना.

“काका, वजन काँक्रीटमध्ये रुतलंय. कापा दोर.”

“खाली माणूस आहे.”

मॅडमनी कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडे वळवला. हळू आवाजात म्हणाल्या, “बघा ना, काका. कोणी नाही आत...”

पडद्यावर खरंच कोणी नव्हतं. हातात दोर मात्र ओढला जात होता. आता घाईघाईने. सगळ्याच ओढी तोकड्या.

दोर मॅडमनी कापला. कापलेलं टोक सर्रकन आत गेलं. पंप पुन्हा सुरू झाला.

घरी अंधार होता. वहिनी सकाळीच माहेरी निघून गेली होती. दादा खाटेवर बसला होता.

“आज खालून कोणी ओढलं का रे?”

“नाही,” मी म्हटलं.

तो हसला. सरकून जवळ आला. माझं मनगट धरलं आणि ओढलं. एकदा. पुन्हा. पुन्हा. तिन्ही ओढी सारख्या.

रोज संध्याकाळी तो असं करतो आणि मनगट न सोडता वाट बघत बसतो. मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण हाताला जुनी सवय आहे.