उभी गाडी का थरथरते?

धावताना गाडी अगदी गुणाची, आणि उभी केली की अंगात आल्यासारखी थरथरणार. आहे की नाही गंमत? दमायचं तर धावताना दमावं, नुसतं उभं राहायला कसले आलेत कष्ट? शाल्मलीला सकाळपासून हेच कोडं छळत होतं.

तेव्हा मिरजेत पेट्रोलवर चालणारी एकच गाडी उरली होती, तिच्या आजोबांची निळी मोटार. बाकी सगळ्या विजेवरच्या, आल्या-गेल्याचा पत्ताही न लागणाऱ्या. त्र्यंबकआजोबांनी जन्मभर इंजिनांवर संशोधन केलं होतं. आता ते मोटार घेऊन शाळाशाळांत जायचे, बॉनेट उघडायचे आणि आत काय चालतं ते मुलांना दाखवायचे. पण उद्या मोटारीची तपासणी होती. नापास झाली की इंजिन काढून घेणार आणि सांगाडा संग्रहालयात ठेवणार.

"जाऊ दे गं," आजोबा पायरीवर बसत म्हणाले. "म्हातारी झाली ती. मीही झालो."

आजोबा असं कधी बोलत नसत. दसऱ्यानंतर मोटार थरथरायला लागली आणि त्यांनी शाळेत जाणंही सोडलं. नुसते बसून असायचे.

"मी सगळं तपासलं," बाळकोबा म्हणाला. बाळकोबा हा त्यांचा यंत्रमानव, घरची सगळी यंत्रं सांभाळणारा आणि स्वतःवर फार खूश असणारा. "ठिणगी बरोबर. पेट्रोल बरोबर. हवामापकातून (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या उपकरणातून) जाणारी हवाही बरोबर. तरी पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते. इंजिन बदलावं."

"सगळं बरोबर आहे, तर बदलायचं कशाला?" शाल्मलीने विचारलं.

ती विचार करू लागली. पेट्रोल जळायला हवा लागते, हे तिला आजोबांनीच शिकवलं होतं. मापक सांगेल तेवढ्या हवेला पुरेल इतकंच पेट्रोल इंजिनाला मिळतं. मग ही जास्तीची हवा आली कुठून?

"आजोबा, बाळकोबा मोजतो ती दारातून येणारी हवा. खिडकीतून कोणी शिरलं तर त्याला कसं कळणार?"

आजोबांनी मान वर केली. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक दिसली.

"म्हणजे कुठेतरी फट आहे म्हणतेस. मग धावताना का नाही थरथरत?"

"तेच तर अडलंय."

"बरं, असं बघ. चमचाभर मीठ वाटीभर आमटीत जास्तीचं पडलं तर?"

"तोंडात घालवणार नाही."

"आणि तेच लग्नाच्या पातेल्यात पडलं तर?"

शाल्मलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "धावताना इंजिन पातेलंभर हवा घेतं. फटीतली चमचाभर हवा त्यात कुठल्या कुठे जाते. उभं असताना वाटीभरच घेतं, म्हणून तीच फट जाणवते."

"शिवाय उभं असताना हवेची वाट जवळजवळ बंद असते. आत निर्वात (हवा कमी झाल्याने तयार होणारी ओढ) जास्त असतो, त्यामुळे फटीतून हवा जोरात खेचली जाते," आजोबा बोलता बोलता उभेही राहिले. "बाळकोबा, फवाऱ्याची बाटली आण. साबणाचं पाणी भर."

मोटार चालू केली. शाल्मलीला लांब उभं करून आजोबा नळ्यांवर एकेक फवारा मारू लागले. पाणी फटीवर पडलं की फट घटकाभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो, एवढीच युक्ती. पहिल्या नळीवर काही नाही. दुसरीवरही नाही. मागच्या बाजूच्या एका बारीक नळीवर पाणी पडलं आणि थरथर एकदम थांबली. पुन्हा सुरू झाली.

इंजिन बंद करून, ते निवल्यावर त्यांनी वाकून पाहिलं. नळी तोंडापासून निम्मी निसटली होती आणि तिला पिवळट दोरा गुंडाळलेला होता. दोऱ्यात झेंडूची सुकलेली पाकळी अडकली होती.

शाल्मली आजोबांकडे बघतच राहिली. दसऱ्याला सगळे हार बॉनेटवर घालतात, पण आजोबांचा हट्ट वेगळा. पूजा करायची तर इंजिनाची, पत्र्याची कशाला? त्यांनी हार थेट आत नळीलाच बांधला होता आणि दुसऱ्या दिवशी हिसडा देऊन ओढून काढला होता.

"म्हणजे हा माझाच पराक्रम," आजोबा ओशाळून म्हणाले.

त्यांनी दोरा सोडवला, नळी नीट बसवली, चिमटा घट्ट केला. आता मोटार उभी राहिली ती शांत, एकसारखी गुरगुरत. शाल्मलीने बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवून पाहिला. पाणी हललं जेमतेम.

"एवढीशी फट, आणि मी तिला म्हातारी ठरवून मोकळा झालो," आजोबा म्हणाले.

"स्वतःलाही," शाल्मली म्हणाली. तिला रडूही येत होतं आणि हसूही.

आजोबांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग बाळकोबाकडे वळले. "तुझ्या तपासणीत एक गोष्ट वाढव. सगळं मोजून बरोबर आलं, तर जे मोजलं नाही ते शोधायचं."

"वाढवली," बाळकोबा म्हणाला. "आणि इंजिन बदला म्हणालो होतो, ते मागे घेतो."

"मग उद्या तपासणी झाली की कुठे जायचं?" शाल्मलीने विचारलं.

"तुझ्या शाळेत. नळी थोडी सैल करून नेऊ. बघू, तुझ्या वर्गातलं कोण शोधून काढतं ते," आजोबा म्हणाले आणि गाडी पुसायला फडकं शोधू लागले.