ठशात काय येतं

यमुना गायधनीच्या अंगावरचा तो काळा गाऊन दिसला, की विश्राम पिंगळेच्या पोटात दुखायला लागे. गेली चौदा वर्षं हे चाललं होतं. नाशिकच्या औद्योगिक न्यायालयात दोघंही कामगार कायद्याचेच खटले लढवत, तो बहुधा कंपनीकडून आणि ती बहुधा कामगाराकडून, त्यामुळे आठवड्यातून तीनदा तरी ते दुखणं ठरलेलं. गाऊन तसा जुनाट. कोपरावर ठिगळ, खांद्यावर रंग उडून तपकिरी झालेला. पण तो अण्णासाहेब करंजकरांचा होता, आणि करंजकरांच्या चेंबरची रीत अशी, की निवृत्त होणारा वकील आपला गाऊन ज्याला देईल तोच खरा वारस. अण्णांच्या हाताखाली विश्राम अकरा वर्षं राबला होता आणि यमुना सात. गाऊन यमुनेला मिळाला.

विश्राम काही पडेल वकील नव्हता. उलटतपासणीत त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. तरी यमुनेनं एखादा खटला जिंकला, की त्याला जेवण गोड लागत नसे. तिच्या घराला नवा रंग दिलेला त्याच्या डोळ्यात खुपे. तिच्या भाच्याला कुठेशी बढती मिळाली, तर त्या बिचाऱ्या भाच्यावरही तो दिवसभर धुमसत राही. आपलं हे वागणं क्षुद्र आहे हे त्याला पक्कं कळत होतं. पण कळून दुखणं थांबलं असतं, तर जगात वैद्यांची गरजच उरली नसती.

त्या दिवशीचा खटला सुलोचना गांगुर्डेचा होता. 'दृष्टिवेध' कंपनीत तिनं बावीस वर्षं दुर्बिणीची भिंगं हातानं घासली होती. यंत्राला जमणार नाही इतका सफाईदार हात. कंपनीनं त्या हाताची मज्जामुद्रा काढून घेतली, म्हणजे साध्या भाषेत ठसा. चाळीस दिवस सुलोचना डोक्यावर मुद्रणटोप घालून काम करत राहिली. मग तो ठसा सहा नव्या मुलींच्या मेंदूत उतरवला, आणि सुलोचनेला घरी बसवलं. कायदा कंपनीच्या बाजूनं होता. ठसा म्हणजे अवजार, आणि अवजार मालकाचं. यमुनेचं म्हणणं इतकंच, की ठशात नुसता हात येत नाही, माणूसही येतो. आणि माणूस जर त्या सहा बाकांवर अजून काम करतोय, तर त्याला कामावरून काढलं असं कंपनी म्हणू कशी शकते?

सकाळी सुलोचना पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा पदर घट्ट लपेटून, खाली बघत बोलली.

"खैरनार सायेब माझ्या मागं येऊन उभा राह्यला, की माझा हात थांबायचा. त्यानं एकदा पट्टी मारली व्हती बोटांवर, तवापासून. आता त्या सहा पोरींचा बी हात थांबतो. त्यांच्यावर त्यानं कधी आवाज बी चढवला नाही. मंग त्या कोनाला भितात?"

विश्राम उठला आणि गोड आवाजात म्हणाला, "बाई, साहेब मागं येऊन उभा राहिला, की कुणाचाही हात थांबतो. न्यायाधीश महोदयांनी माझ्याकडं पाहिलं, की माझीसुद्धा जीभ अडखळते. मला काही तुमचा ठसा दिलेला नाही."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. सुलोचना मात्र तशीच उभी राहिली. नोकरी परत मिळाली नाही तर या वयात दुसरं कुणी तिला उभं करणार नव्हतं, कारण सगळ्यांना तिचा हात तिच्याशिवाय मिळत होता.

मग आल्या डॉ. फिरदौस बागवान. मज्जामुद्रणाची पहिली प्रयोगशाळा नाशकात यांचीच. त्या यमुनेच्या तज्ज्ञ साक्षीदार होत्या, आणि विश्राम त्यांना पाहून जरा चपापला होता. त्यालाही त्या ओळखत होत्या. पण ती ओळख कोर्टात कुणाला ठाऊक नव्हती.

"डॉक्टर, टोप नेमकं काय नोंदवतो?" त्यानं विचारलं.

"काम करताना मेंदूतल्या कोणत्या पेशी कोणत्या क्रमानं जाग्या होतात, ते. तोच क्रम दुसऱ्याच्या मेंदूत तीन आठवडे गिरवून घेतला, की त्याला ते काम यायला लागतं. पोरं पाटीवर अक्षर गिरवतात तसं."

"म्हणजे कामाचा क्रम. भावनेचा नव्हे."

"मेंदूनं त्यांची वेगवेगळी दालनं केलेली नाहीत, पिंगळेसाहेब. बाईंनी भीत भीत भिंग घासलं, तर भीती आणि घासणं एकाच क्रमात नोंदलं जातं. केलेल्या चहातून साखर काढून दाखवा म्हटलं तर मला जमणार नाही."

"हा झाला तुमचा सिद्धान्त. या सहा मुलींना साहेबाची भीती स्वतःची असू शकते की नाही?"

"असू शकते," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाल्या.

खटला इथं संपला होता. विश्रामनं आता खाली बसायचं होतं. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न साक्षीदाराला कधी विचारायचा नाही, हा अण्णासाहेबांचा पहिला धडा. पण खाली बसता बसता त्याची नजर यमुनेकडं गेली. ती शांतपणे पेन्सिलीनं काहीतरी टिपत होती आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात बारीक हसू होतं. हरलेल्या बाईनं हसावं? विश्रामच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची दोन बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप दोनदा आपटली.

"एक उदाहरण," तो म्हणाला. "जास्त नको. एकच. नावानिशी. ज्याला ती भावना असायचं काही कारणच नव्हतं, आणि ठशातून ती आली."

यमुनेची पेन्सिल थांबली. तिनं मान वर करून त्याच्या बोटांकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं. हसू मावळलं होतं.

डॉ. बागवानांनी एकदा विश्रामकडं पाहिलं. "उदाहरण आहे," त्या म्हणाल्या. "आलेखही जपून ठेवलेत. पण ज्याच्यात ठसा उतरवला, त्याच्या परवानगीशिवाय मला नाव घेता येत नाही. मधल्या सुटीत विचारू का, महोदय?"

न्यायाधीशांनी सुटी दिली. विश्राम कपाळाचा घाम पुसत बाहेर आला. असेल कोणी सोनार नाहीतर शिंपी, दूर कुठेतरी, असं त्यानं मनाला समजावलं. जिन्याजवळच्या खिडकीपाशी डॉ. बागवान त्याच्याच समोर येऊन थांबल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते त्याला तेव्हा उमगलं.

"मी?" तो म्हणाला.

हो, त्याच्यात ठसा होता. गाऊन यमुनेला दिल्यावर आठच दिवसांनी अण्णांनी त्याला बोलावून घेतलं होतं. 'गाऊन काय, कापड आहे. तुला मी माझी उलटतपासणी देतो. पण कुणापाशी बोलू नकोस, उसन्या अकलेचा म्हणतील.' आणि तो बोलला नव्हता. चौदा वर्षं जिल्हा ज्याला पिंगळेंची जीभ म्हणत होता, ती करंजकरांची होती.

"अण्णांचा ठसा घ्यायला खरीखुरी उलटतपासणी लागत होती," डॉक्टर सांगू लागल्या. "बार लायब्ररीच्या संग्रहासाठी म्हणून त्यांनी यमुनाबाईंना लुटुपुटीचा साक्षीदार बनवलं. सहा दुपारी चाललं ते, गाऊन देण्याच्या आधी. सहाव्या दुपारी अण्णा जिंकत आले होते. बसायचं सोडून त्यांनी टेबलावर दोन बोटं आपटली आणि म्हणाले, एक उदाहरण, जास्त नको, एकच, नावानिशी. यमुनाबाईंनी दिलं. अण्णा त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा निरुत्तर झाले. वरवर हसले. पण टोप त्यांच्या डोक्यावर होता. त्या घटकेला त्यांच्या आत जे पेटलं, ते मी आलेखावर पाहिलं."

"काय?"

"हेवा. तो बोलण्याच्या क्रमात असा गुंतला होता, की मला सोडवता येईना. मी अण्णांना सांगितलं, हा ठसा देऊ नका. ते म्हणाले, विश्राम सज्जन आहे, पचवेल." त्या खाली पाहू लागल्या. "मी ऐकायला नको होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं."

"आणि गाऊन? तिला का दिला?"

"तिच्यासमोर तो अंगावर घालवेना म्हणाले."

विश्राम खिडकीच्या कठड्यावर बसला. त्याला आधी काय वाटलं असेल, तर संताप. चौदा वर्षं पोटात दुखलं, ते दुखणंही आपलं नाही? अण्णांनी हेवासुद्धा त्याच्या आधी करून घेतला होता, आणि तो नुसता गिरवत बसला होता, टेबलावर आपटायच्या बोटांसकट.

आणि तरीही आत ती आग होतीच. दुसऱ्याची आहे म्हणून चटका कमी लागत नव्हता. ती त्याला पढवत होती. परवानगी नाही म्हण. खटला तुझा आहे. हो म्हणालास तर यमुना खटला तर जिंकेलच, वर तिला कळेल, की खुद्द अण्णासाहेब करंजकर तिच्यावर जळत होते. याहून मोठं प्रशस्तिपत्र या कोर्टात कुणाला मिळालं आहे? आणि ते तू द्यायचंस, स्वतःच्या हातानं?

व्हरांड्याच्या टोकाला सुलोचना गांगुर्डे बाकावर बसून डबा खात होती. एका हातानं भाकरी मोडत होती आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मांडीवर गोल गोल फिरत होता, भिंग घासल्यासारखा. तिला बहुतेक ते कळतही नव्हतं. विश्राम त्या अंगठ्याकडं पाहत राहिला. आपल्यात अण्णांचं नसलेलं काय उरलं असेल, असं त्याच्या मनात आलं. चौदा वर्षांपूर्वीचं, ठसा उतरवण्याच्या आधीचं काहीतरी हवं.

आणि त्याला पेढे आठवले. यमुनेला गाऊन मिळाला त्या दुपारी त्यानं स्वतः जाऊन अर्धा किलो पेढे आणले होते आणि साऱ्या बार रूममध्ये वाटले होते. 'आमच्या यमुनेला मिळाला,' असं सांगत. शिपायाला दोन दिले होते. त्याला तेव्हा मनापासून आनंद झाला होता, याची त्याला खूण पटली. ठसा उतरवून झाला तो त्यानंतर महिन्याभरानं, आणि दुखणं सुरू झालं ते तेव्हापासून. पेढे मात्र त्याचे होते.

सुटी संपल्यावर विश्राम उभा राहिला.

"महोदय, कंपनीचं वकीलपत्र मी मागे घेतो. त्यांना दुसरा वकील नेमायला वेळ द्यावा. आणि डॉक्टरांना जी परवानगी हवी आहे ती मी देतो, कारण ते उदाहरण मी आहे."

कंपनीचा व्यवस्थापक अर्धवट उठून पुन्हा बसला. विश्रामनं सगळं सांगितलं, पेढ्यांसकट. सांगताना त्याची जीभ तीनदा अडखळली, आणि या खेपेला कुणी हसलं नाही. यमुनेनं गाऊनच्या ठिगळावर हात ठेवला होता आणि ती खाली पाहत होती.

"मला त्या दुपारी वाटलं होतं, अण्णांना कौतुक वाटलं," ती नंतर जिन्यात म्हणाली. "आणि तुम्ही एकदम बोलेनासे झालात, तेव्हा वाटलं माझं काही चुकलं. चौदा वर्षं विचार करतेय मी, विश्रामराव, की या माणसाचं मी काय घोडं मारलंय."

महिनाभरानं निकाल लागला. कंपनीच्या नव्या वकिलानं पुष्कळ खटपट केली, पण अण्णांचा आणि विश्रामचा आलेख एकमेकांवर ठेवल्यावर केसाचाही फरक दिसत नव्हता. ठशात माणूस येतो, आणि ज्याचा ठसा कामावर आहे तो माणूस कामावर आहे, असं न्यायाधीशांनी लिहिलं. सुलोचना गांगुर्डे आपल्या बाकावर परतली. खैरनारची बदली झाली.

त्याच निकालाचा दुसरा पाय विश्रामच्या गळ्यात आला. ठशात माणूस येतो, तर चौदा वर्षं कोर्टात बोलत होते ते करंजकर, आणि करंजकरांनी तर सनद परत केलेली. बार कौन्सिलनं विचारणा केली. त्याआधीच विश्राम डॉ. बागवानांकडं जाऊन बसला होता.

"पुसता येतो," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे लागतील. पण उलटतपासणीही जाईल. मी साखर काढू शकत नाही, अख्खा चहाच ओतावा लागेल."

"ओता," विश्राम म्हणाला.

ठसा पुसल्यानंतरची त्याची पहिली तारीख एका वाहकाच्या निलंबनाची होती, आणि या वेळी तो कामगाराकडून होता, कारण कंपन्यांनी त्याच्याकडं पाठ फिरवली होती. प्रश्न त्यानं कागदावर लिहून आणले होते. त्यातला तिसरा चुकीच्या जागी विचारला, पाचवा विसरला, आणि साक्षीदारानं त्यालाच एक प्रश्न विचारून खाली बसवलं. शेजारच्या दालनात यमुना उलटतपासणी घेत होती. विश्राम दाराशी जाऊन उभा राहिला. साध्या आवाजात, एकेक प्रश्न मांडत, ती समोरच्या माणसाला अलगद कबुलीपाशी आणत होती. हे तिला कुणी दिलेलं नव्हतं. खिडकीतलं ऊन त्या विटलेल्या गाऊनवर पडलं होतं.

आणि विश्रामच्या पोटात दुखलं.

त्यानं दचकून पोटावर हात ठेवला. बारीकसंच होतं, जुन्या आगीच्या पासंगालाही न पुरणारं, पण होतं. काम संपवून यमुना बाहेर आली आणि त्याचा चेहरा पाहून थांबली.

"काय झालं, विश्रामराव?"

"यमुनाबाई, तुमचा हेवा वाटतोय."

ती क्षणभर घाबरली. "अण्णांना?"

"नाही," विश्राम म्हणाला. "मला."